जंकस : सारख्या दिसणाऱ्या पाणथळ जाती ओळखणं

जंकस ही जंकेसी कुळातली प्रजाती, जगभरात साधारण 300 जाती, बहुतेक दलदलीत, तळ्याकाठी नाहीतर ओल्या कुरणात वाढणाऱ्या. लांबून सगळ्या सारख्याच, हिरव्या काड्यांचे झुबके. आधी हे गवत किंवा मोथ्याच्या कुळातलं काही नाही ना ते बघायचं, आणि ते सोपं आहे: फूल बारीक आणि तपकिरी असलं तरी त्याला 6 पाकळ्यांसारखे भाग असतात आणि नंतर बोंड धरतं ज्यात भरपूर बारीक बिया असतात, मोथ्याच्या कुळात एका फुलाला एकच बी. खरी डोकेदुखी पुढे आहे.

सगळ्यात जास्त गोंधळ तिघांचा होतो: जंकस इफ्यूसस, जंकस काँग्लोमेरॅटस आणि जंकस इन्फ्लेक्सस. तिघांनाही वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्येच नावं दिली. तिन्हींत पानं म्हणजे बुडाशी नुसती आवरणं, आणि फुलांचा घोस काडीच्या बाजूने फुटल्यासारखा दिसतो, पण घोसाच्या वर जे टोक दिसतं ती काडी नसतेच, ते घोसाखालचं छद (म्हणजे फुलांखालचं पानासारखं अंग) आहे जे सरळ वर वाढलेलं असतं.

इन्फ्लेक्सस त्यातल्या त्यात लगेच कळतो. काडी निळसर-करड्या झाकेची, कडक, तिच्यावर 10 ते 20 ठळक उभ्या रेघा ज्या बोटाला लागतात, बुडाची आवरणं काळपट चकचकीत. तरी शंका असेल तर काडी उभी चिरा, आतला पांढरा भेंड तुटक तुटक, मधे मधे पोकळ कप्पे असलेला दिसेल. इफ्यूसस आणि काँग्लोमेरॅटसमध्ये भेंड सलग असतो. (पूर्वी इंग्लंडमध्ये इफ्यूससच्या काड्या सोलून भेंड चरबीत बुडवून दिव्यासारखा जाळायचे, ते या सलगपणामुळेच जमायचं.) शिवाय इन्फ्लेक्ससला पुंकेसर 6, बाकी दोघांना बहुतेक वेळा 3.

आता उरले दोघं, आणि इथेच लोक फसतात, कारण बरेच जण घोस मोकळा दिसला की इफ्यूसस आणि गच्च गोळा दिसला की काँग्लोमेरॅटस असं ठरवून मोकळे होतात. हे बरोबर नाही, इफ्यूससचा गच्च घोसवाला प्रकारही सर्रास सापडतो, त्यामुळे माझ्या मते घोसाच्या आकाराकडे सगळ्यात शेवटी बघावं. आधी घोसाच्या जरा खाली काडीवर बोट फिरवा. इफ्यूसस गुळगुळीत आणि चकचकीत लागतो, रेघा असतात पण खूप आणि पुसट. काँग्लोमेरॅटसला तिथे ठळक धारा आणि काडी निस्तेज. काडी ताजी हवी बरं का, वाळली की इफ्यूससवरही रेघा उठतात. काँग्लोमेरॅटसच्या छदाचं बूड जरा रुंद पसरट असतं. पिकलेलं बोंड हाताशी असेल तर भिंगाने त्याचं टोक बघा: दोघांतही ते खोलगट, पण काँग्लोमेरॅटसच्या खळग्यात मधोमध बारीक उंचवटा असतो.

संकरही होतात. इफ्यूसस आणि इन्फ्लेक्ससचा संकर मधल्याच लक्षणांचा, आणि त्याची बोंडं बहुतेक नीट भरत नाहीत, हीच त्याची मोठी खूण.

पानांच्या आत आडवे पडदे असलेल्या जातींचा गट वेगळा. पान बोटांत धरून ओढलं की गाठी गाठी लागतात. त्यात आर्टिक्युलेटसचं बोंड वर एकदम निमुळतं होऊन छोटं टोक काढतं आणि अ‍ॅक्युटिफ्लोरसचं हळूहळू निमुळतं होत जातं, त्याच्या पाकळ्यांची टोकंही अणकुचीदार आणि बाहेर वळलेली. सबनोड्युलोससमध्ये आडव्यांबरोबर उभे पडदेही असतात. बोंड पिकायच्या आधी या गटाला नाव द्यायच्या भानगडीत पडू नये.

ब्युफोनियस मात्र एक वर्षच जगणारा, ठेंगणा, पाणी नुकतंच ओसरलेल्या चिखलातही उगवणारा, त्यामुळे वरच्या कुणाशी त्याची गल्लत होत नाही. त्याच्या जवळच्या जातींत फरक करायचा तर आतल्या पाकळ्या बोंडापेक्षा लांब आहेत की बरोबरीच्या, हे बघावं लागतं.