न पाहिलेला पत्ता आणि संभाव्यतेचं गणित

जोकर काढून नीट पिसलेल्या 52 पत्त्यांच्या कॅटमधून एक पत्ता ओढला, तर तो एक्का असण्याची संभाव्यता 4/52, म्हणजे 1/13. इथवर कुणाचं अडत नाही. घोळ सुरू होतो तो दुसऱ्या पत्त्यापासून.

लागोपाठ दोन एक्के येतील का, हे काढताना आधी बघायचं की पहिला पत्ता परत ठेवून कॅट पुन्हा पिसला का. पिसला असेल तर 1/13 × 1/13, म्हणजे 1/169. नसेल तर उरलेल्या 51 पत्त्यांत तीनच एक्के राहतात: 4/52 × 3/51, म्हणजे 1/221.

आता पहिला पत्ता न बघता पालथाच बाजूला ठेवा. दुसरा पत्ता एक्का असण्याची संभाव्यता किती? पत्ते 51 उरले म्हणून बरेच जण 4/51 म्हणतात, कुणी 3/51. दोन्ही उत्तरं चूक. पालथा पत्ता एक्का असेल (4/52 × 3/51) किंवा नसेल (48/52 × 4/51). दोन्हींची बेरीज 204/2652, म्हणजे पुन्हा 1/13च. पत्ता उघडून बघितला तरच आकडा बदलतो. नुसता जागेवरून हलवला तर नाही. हे एकदा मनात पक्कं बसलं की निम्म्या चुका टळतात.

पाच पत्त्यांत किमान एक एक्का येण्याची संभाव्यता काढताना 1/13 ला पाचाने गुणण्याचा मोह होतो. उत्तर येतं 38.5 टक्के, आणि ते फुगलेलं असतं, कारण ज्या डावात दोन एक्के आहेत तो दोनदा मोजला जातो. याच रीतीने तेरा पत्त्यांसाठी उत्तर येईल 1, म्हणजे तेरा पत्त्यांत एक्का हमखास! प्रत्यक्षात तेरा पत्त्यांत एकही एक्का नसण्याची संभाव्यता जवळपास 30 टक्के आहे. त्यामुळे उलटीकडून जावं. आधी पाचही पत्ते बिनएक्क्याचे असण्याची संभाव्यता काढायची: 48/52 × 47/51 × 46/50 × 45/49 × 44/48, म्हणजे सुमारे 0.659. ती 1 मधून वजा केली की 0.341. ‘किमान एक’ हे शब्द दिसले की हीच वाट धरावी.

क्रमाचाही विसर पडतो. दोन पत्त्यांत एक राजा आणि एक राणी हवी असेल तर 4/52 × 4/51 वर थांबू नका. राणी आधी आणि राजा नंतर येऊ शकतो, म्हणून दुप्पट करा. उत्तर 8/663.

सगळ्यात सुंदर कोडं मात्र पुढचं. एकाच्या हातात दोन पत्ते आहेत. ‘त्यात एक्का आहे का?’ या प्रश्नाला त्याने खरं उत्तर दिलं, ‘हो.’ तर दोन्ही एक्के असण्याची संभाव्यता किती? 52 पत्त्यांच्या एकूण जोड्या 1326. त्यांतल्या 1128 बिनएक्क्याच्या, उरल्या 198. त्यांत दोन एक्क्यांच्या फक्त 6. उत्तर 1/33. पण प्रश्न ‘इस्पिक एक्का आहे का?’ असा असेल आणि उत्तर ‘हो’ आलं, तर संभाव्यता 3/51, म्हणजे 1/17: जवळजवळ दुप्पट! कारण मोजणीत स्पष्ट दिसतं. इस्पिकची अट घातल्यावर एकाच एक्क्याच्या 192 जोड्यांपैकी 48 टिकतात, म्हणजे पाव हिस्सा. दोन एक्क्यांच्या 6 पैकी मात्र 3 टिकतात, म्हणजे निम्म्या.