सीनेम लावला, तरी ॲड्रेस बार बदलत का नाही?

‘जुनं डोमेन नव्याकडे पॉइंट करून द्या’ या वाक्यात दोन वेगळी कामं दडलेली असतात: एक डीएनएसचं (नावावरून मशीनचा आयपी, म्हणजे आकडी पत्ता, शोधून देणारी यंत्रणा), दुसरं वेब सर्व्हरचं. बहुतेक वेळा हवा असतो रिडायरेक्ट (ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं) आणि लावला जातो सीनेम (‘हे नाव म्हणजे ते दुसरं नाव’ असं सांगणारा डीएनएस रेकॉर्ड).

समजा, ‘शॉप डॉट एक्झाम्पल डॉट कॉम’चा सीनेम ‘स्टोअर डॉट एक्झाम्पल डॉट नेट’ असा ठेवला. ब्राउझर ‘शॉप’चा आयपी विचारतो. रिझॉल्व्हर, म्हणजे नावाचा आयपी शोधून देणारा सर्व्हर, ‘शॉप’वरून ‘स्टोअर’कडे जातो, त्याचा आयपी शोधतो आणि ब्राउझरच्या हातात ठेवतो. ब्राउझर त्या मशीनचं दार ठोठावतो खरं, पण होस्ट हेडरमध्ये, म्हणजे कुठली साइट हवी ते सांगणाऱ्या ओळीत, नाव सांगतो ‘शॉप’च. सर्व्हरला ते नाव माहीत नसलं तर ४०४ येतो, नाहीतर तिसरीच कुठलीतरी साइट उघडते. एचटीटीपीएस असेल तर त्याच्याही आधी सर्टिफिकेटवरचं नाव जुळत नाही म्हणून ब्राउझर अडवतो. ॲड्रेस बार मात्र जागचा हलत नाही.

डीएनएसला फक्त नावं कळतात, यूआरएल नाही. म्हणून सीनेमच्या रकान्यात ‘एचटीटीपीएस’ किंवा स्लॅशपुढचा पाथ लिहून उपयोग नाही. झोन फाइल (डोमेनच्या डीएनएस रेकॉर्डची फाइल) हाताने लिहीत असाल तर शेवटचा टिंब विसरू नका. तो राहिला की पुढे आपलंच डोमेन चिकटतं आणि ‘स्टोअर डॉट एक्झाम्पल डॉट नेट डॉट एक्झाम्पल डॉट कॉम’ असं लांबलचक नाव तयार होतं.

रिडायरेक्ट म्हणजे सर्व्हरने दिलेलं उत्तर: ‘इथे नाही, तिकडे जा.’ ३०१ कायमचा, ३०२ तात्पुरता. फॉर्मची पोस्ट रिक्वेस्ट जशीच्या तशी पुढे जायला हवी असेल तर ३०८. हे उत्तर द्यायला जुन्या नावावर सर्व्हर चालू लागतो, आणि एचटीटीपीएससाठी त्याच जुन्या नावाचं सर्टिफिकेटही. साइट हलवली म्हणून जुनं होस्टिंग लगेच बंद केलं की रिडायरेक्टही गेला. आधी ३०२ लावून तपासा. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो, चूक झाली तर निस्तरायला वेळ लागतो.

मग सीनेम कधी? नाव तुमचंच ठेवायचं आणि साइट दुसऱ्याच्या मशीनवर चालवायची, तेव्हा. गिटहब पेजेसवर (गिटहबच्या साइट होस्ट करणाऱ्या सेवेवर) ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’चा सीनेम ‘युझरनेम डॉट गिटहब डॉट आयओ’कडे जातो, पण रिपॉझिटरीच्या सेटिंग्जमध्ये कस्टम डोमेनही भरावं लागतं, कारण ते नाव ओळखायचं काम त्यांच्या सर्व्हरचं.

मुळाशी, म्हणजे नुसत्या ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ला, सीनेम चालत नाही. १९८७ च्या आरएफसी १०३४ या डीएनएसच्या नियमपत्रानुसार सीनेम असलेल्या नावावर दुसरा रेकॉर्ड नसावा, आणि मुळाशी एसओए (झोनची मूळ माहिती) व एनएस (नेमसर्व्हरची नावं) हे रेकॉर्ड तर असतातच. एखाद्या पॅनेलने तो घेतलाच, तर एमएक्स (ईमेल कुठे पोहोचवायचा ते सांगणारा रेकॉर्ड) झाकला जाऊन ईमेल गायब होण्याची पाळी येते. तिथे नावाला थेट आयपी देणारे साधे ए रेकॉर्ड टाका (गिटहब पेजेसचे चार आहेत, १८५.१९९.१०८.१५३ पासून १८५.१९९.१११.१५३ पर्यंत), किंवा क्लाउडफ्लेअर या डीएनएस सेवेचं सीनेम फ्लॅटनिंग वापरा. त्यात बाहेर जाणाऱ्या उत्तरात सीनेम नसतोच, थेट आयपी असतो.

आणि सेवा बंद केलीत तर आधी सीनेम काढा, मग खातं. उलट केलं आणि सुटलेलं नाव दुसऱ्या कुणी तिथे नोंदवलं, तर तुमच्या सबडोमेनवर त्याची साइट दिसेल.