कोंडा, ओट्स, इसबगोल आणि भाकरी : आहारातल्या तंतूंची पार्श्वभूमी

गृहविज्ञानाच्या आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं वापरलेल्या भारतीय अन्नघटकांच्या कोष्टकांत 100 ग्रॅम ज्वारीत 1.6 ग्रॅम तंतू (फायबर) दिलेले असत. गहू आणि बाजरी 1.2, नाचणी मात्र 3.6. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली नवी कोष्टकं प्रसिद्ध केली. त्यांत ज्वारी 10 ग्रॅमच्या किंचित वर आहे. गहू, बाजरी आणि नाचणी तिन्ही 11 ते साडेअकरा ग्रॅमच्या दरम्यान. धान्यं बदलली नव्हती, मोजायची रीत बदलली होती. जुन्या आकड्यांवर विसंबून ज्यांनी नाचणीला ज्वारीच्या दुपटीहून तंतुमय मानलं, त्यांना नव्या आकड्यांत दोन्ही जवळपास शेजारी दिसतात.

जुनी रीत जर्मनीतली. गटिंगनजवळच्या वेंडं इथल्या प्रयोगकेंद्रात हेन्नेबर्ग आणि स्टोहमान यांनी 1860 च्या दशकात ती बसवली, आणि ती गुरांच्या चाऱ्यासाठी होती. नमुना आधी सौम्य आम्लात उकळायचा, मग सौम्य अल्कलीत, आणि शेवटी जो चोथा उरेल त्याला ‘तंतू’ म्हणायचं. या दोन उकळ्यांत पाण्यात विरघळणारे तंतू तर सगळे वाहून जातातच, पण न विरघळणाऱ्यांतलाही मोठा हिस्सा जातो. चारा निकृष्ट आहे की बरा, एवढं कळायला ही रीत पुरेशी होती. माणसाच्या जेवणासाठीही तीच शंभराहून अधिक वर्षं चालली, कारण उरलेल्या चोथ्याला काही किंमत आहे असं पोषणशास्त्राला वाटतच नव्हतं. जे पचत नाही ते शरीराच्या कामाचं नाही, असा सरळ हिशोब होता.

हा हिशोब सगळ्यांना पटत होता असं नाही. अमेरिकेत सिल्व्हेस्टर ग्रॅहम हे धर्मोपदेशक 1830 च्या सुमारास न चाळलेल्या गव्हाच्या पिठाचा प्रचार करत होते. पण 1870 नंतर पोलादी रूळांच्या गिरण्या आल्या, कोंडा आणि अंकुर सफाईने वेगळे निघू लागले, आणि पांढरं पीठ श्रीमंतांच्या ताटातून सर्वांच्या ताटात आलं.

आपल्याकडे या प्रश्नाला हात घातला तो वर्ध्याने. 1934 साली गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा वर्ध्यातल्या मगनवाडीतून त्याचं काम पाहू लागले. हातसडीचा तांदूळ आणि जात्यावरचं न चाळलेलं पीठ हे संघाच्या कार्यक्रमात अगदी वरच्या स्थानी होतं. त्यांचा युक्तिवाद तंतूंचा नव्हता. गिरणीत तांदूळ पॉलिश केला की जीवनसत्त्वं जातात आणि कांडणाऱ्या बाईची मजुरीही जाते, हे त्यांचं म्हणणं. पॉलिशच्या तांदळामुळे होणारा बेरीबेरी हा आजार तेव्हा माहीत झाला होता, तंतूंचं शास्त्र जन्मायचं होतं. तरीही ताटात काय राहावं याचं त्यांचं उत्तर पुढच्या संशोधनाने खोटं ठरवलं नाही. नव्या कोष्टकांत गिरणीच्या तांदळात 100 ग्रॅमला 3 ग्रॅमहूनही कमी तंतू आहेत, पॉलिश न केलेल्यात साडेचारच्या आसपास.

‘डाएटरी फायबर’ म्हणजे आहारातले तंतू. ही संज्ञा 1953 साली हिप्सली या संशोधकाने वापरली, तीही गरोदरपणातल्या विकारांसंबंधीच्या लेखात. तिला आजचा अर्थ मिळाला तो पूर्व आफ्रिकेत काम केलेल्या ब्रिटिश डॉक्टरांमुळे. ह्यू ट्रॉवेल यांनी केनिया आणि युगांडात जवळपास तीस वर्षं काढली होती. इंग्लंडमध्ये रोज दिसणारा हृदयविकार तिथल्या आफ्रिकन रुग्णांत त्यांना इतका दुर्मीळ वाटला, की 1956 साली अशा एका रुग्णाची स्वतंत्र नोंद त्यांनी प्रसिद्ध केली. डेनिस बर्किट हे युगांडातले शल्यचिकित्सक. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लिम्फोमा या कर्करोगामुळे ते आधीच प्रसिद्ध होते. इंग्लंडला परतल्यावर 1967 साली त्यांची गाठ नौदलातले डॉक्टर क्लीव्ह यांच्याशी पडली. साखर आणि पांढरं पीठ हेच अनेक आजारांचं मूळ, हा क्लीव्ह यांचा सिद्धान्त. युद्धकाळात ‘किंग जॉर्ज फिफ्थ’ या युद्धनौकेवर खलाशांच्या बद्धकोष्ठावर त्यांनी कोंडा दिला होता.

बर्किटनी हा विचार उचलला आणि मोजमापाला हात घातला. क्ष-किरणांत दिसणाऱ्या बारीक गोळ्या लोकांना गिळायला द्यायच्या आणि त्या बाहेर पडायला किती तास लागतात ते पाहायचं. शौचाचं वजनही करायचं. वॉकर आणि पेंटर या सहकारी संशोधकांसह 1972 साली त्यांनी हे आकडे मांडले. युगांडाच्या खेड्यांत रोजचं वजन 400 ग्रॅमच्या वर आणि अन्नाचा प्रवास दीड दिवसाचा. ब्रिटनमध्ये वजन 100 ग्रॅमच्या आसपास आणि प्रवास त्याच्या दुपटीचा. ज्या विषयावर चारचौघांत बोलायचीही चोरी, त्यावर एका नावाजलेल्या सर्जनने भर सभेत चित्रं दाखवावीत, याला मोठं धैर्य लागतं. बर्किट ते दाखवत असत.

त्याच सुमारास पेंटर यांनी एक रूढ उपचार उलटा फिरवला. मोठ्या आतड्याच्या भिंतीला पिशव्या येण्याच्या आजारात, म्हणजे डायव्हर्टिक्युलर विकारात, रुग्णाला तोवर मऊ, बिनचोथ्याचं जेवण देत. पेंटरनी कोंडा दिला आणि बहुतेक रुग्णांना आराम पडला.

यात एक घोटाळा झाला आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली. आतड्यावर कोंड्याचा गुण दिसला म्हणून हृदयालाही कोंडाच उपयोगी, असं लोक धरून चालले. कार्डिफच्या संशोधकांनी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 2,033 पुरुषांवर ते तपासलं. काहींना धान्यातले तंतू रोज 18 ग्रॅमपर्यंत वाढवायला सांगितलं. 1989 साली आलेला निष्कर्ष निराशाजनक होता : दोन वर्षांत त्या गटातले मृत्यू कमी झाले नाहीत.

गव्हाचा कोंडा मुख्यतः न विरघळणारा. तो पाणी धरतो, मळाचं आकारमान वाढवतो, पुढे ढकलतो. रक्तातल्या कोलेस्टेरॉलशी त्याचा फारसा संबंध येत नाही. ते काम विरघळून बुळबुळीत होणाऱ्या तंतूंचं. पित्तरसातली आम्लं यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवतं आणि एरवी आतडं त्यांतली बहुतेक परत शोषून घेतं. हा चिकट थर ती अडवतो आणि बाहेर नेतो. मग यकृताला नवी आम्लं बनवावी लागतात आणि त्यासाठी ते रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. शिवाय यातले बरेच तंतू मोठ्या आतड्यातल्या जीवाणूंचं अन्न होतात. त्यातून तयार होणाऱ्या ब्युटिरेट या मेदाम्लावर आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात.

ओट्सची गोष्ट इथूनच सुरू होते. नेदरलंड्समध्ये 1963 सालीच रोज 140 ग्रॅम ओट्स घातलेला पाव खाऊन पुरुषांचं कोलेस्टेरॉल उतरल्याचं दिसलं होतं. 1980 च्या दशकाअखेर अमेरिकेत ओटच्या कोंड्याचं अक्षरशः वेड पसरलं. 1990 च्या जानेवारीत बोस्टनचा एक छोटा अभ्यास आला. वीसच माणसं होती. ओटचा कोंडा खा किंवा साधं पांढरं पीठ, कोलेस्टेरॉल सारखंच उतरलं, बहुधा लोणी-अंडी कमी झाल्यामुळे, असं त्यात निघालं आणि बाजार कोसळला. वेड जितकं अवास्तव होतं तितकीच ही निराशाही, असं मला वाटतं. पुढचे अभ्यास साठत गेले आणि अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने 1997 साली ओट्समधल्या बीटा-ग्लुकन या विरघळणाऱ्या तंतूला, रोज 3 ग्रॅम या मात्रेसाठी, हृदयाच्या आरोग्याचा दावा करायची परवानगी दिली. नंतर ती जवालाही मिळाली.

1998 साली अशीच परवानगी इसबगोलाला मिळाली. उत्तर गुजरातेतल्या सिद्धपूर-उंझाच्या बाजारातून जाणारा हा भुसा आपल्या घरांत कधीचाच आहे. बद्धकोष्ठाला कोमट पाण्यातून किंवा दुधातून, जुलाबाला दह्यातून. दोन्हीकडे एकच वस्तू कशी चालते, याचं उत्तर तिच्या गुणधर्मात आहे. इसबगोल भरपूर पाणी धरून घट्ट लगदा करतं, पण जीवाणू त्याला फारसं आंबवू शकत नाहीत. त्यामुळे गॅस कमी होतो आणि पाणी धरायचं काम शेवटपर्यंत टिकतं. नेदरलंड्समध्ये आतड्याच्या चिडखोरपणाच्या (आयबीएस) 275 रुग्णांवर झालेल्या 2009 सालच्या अभ्यासात इसबगोलाने आराम पडला, तर कोंडा घेणाऱ्या बऱ्याच जणांनी त्रास वाढला म्हणून सुरुवातीलाच तो सोडला. ज्यांचं पोट फुगतं, दुखतं, त्यांना सरसकट ‘कोंडा खा’ सांगणं म्हणूनच चूक आहे. इसबगोल मात्र पुरेशा पाण्याशिवाय घेऊ नये. घशात फुगून अडकण्याचा धोका खरा आहे.

आपल्या देशातलं काम या इतिहासात फार कमी सांगितलं जातं. आग्र्याच्या डॉक्टरांनी 1968 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हरभऱ्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. भरपूर स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसांच्या जेवणात धान्याच्या जागी हरभरा आणला, तर चढलेलं कोलेस्टेरॉल खाली आलं. हे बर्किट-ट्रॉवेल यांच्या गाजलेल्या लेखांच्या आधीचं. त्याच्या आदल्या वर्षी रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतले डॉ. मल्होत्रा यांनी रेल्वे कर्मचाऱ्यांचे मृत्यू तपासले, तेव्हा दक्षिणेत हृदयविकाराचं प्रमाण उत्तरेच्या सातपट निघालं. उत्तरेतले लोक तूप-दूध कितीतरी जास्त खात होते तरी. उत्तरेतल्या कमी प्रमाणाचं श्रेय मल्होत्रांनी तिथल्या चावून खाव्या लागणाऱ्या, तंतुमय जेवणालाही दिलं. तशा निरीक्षणावरून कारण सिद्ध होत नाही, पण प्रश्न योग्य होता. पुढे 1980 च्या दशकात हैदराबादेत मेथीच्या दाण्यांवर काम झालं. कडधान्यांचा पुरावा 2014 पर्यंत इतका साठला की 26 चाचण्या एकत्र पाहता आल्या : रोज सुमारे 130 ग्रॅम शिजलेलं कडधान्य खाणाऱ्यांचं एलडीएल, म्हणजे अपायकारक कोलेस्टेरॉल, साधारण 5 टक्क्यांनी कमी झालं.

ज्वारीच्या 10 ग्रॅम तंतूंपैकी साडेआठच्या आसपास न विरघळणारे आहेत. म्हणजे भाकरी पोट साफ ठेवते, पण कोलेस्टेरॉलचं काम एकट्या भाकरीवर टाकता येत नाही. भाकरीसोबत मटकीची उसळ, हरभऱ्याची आमटी किंवा मेथीचे दाणे घातलेली भाजी असेल तर दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. माझं सगळं म्हणणं इतकंच आहे : तंतू ही एक वस्तू नव्हे, म्हणून आधी काम ठरवावं आणि मग स्रोत निवडावा. पॉलिशचा तांदूळ आणि मैदा ताटात वाढला तशी उसळींची वाटीही लहान होत गेली, आणि ओट्सचं पाकीट ती जागा अर्धीच भरतं.

नाचणीचं सत्त्व करताना काय होतं तेही पाहण्यासारखं आहे. नाचणी भिजवायची, वाटायची, फडक्यातून गाळायची, खाली बसलेला साका वाळवायचा. फडक्यात उरलेला तपकिरी चोथा टाकून देतात. बाळाच्या पोटासाठी ते योग्यच आहे. मोठी माणसं ‘फायबर मिळतं’ म्हणून तेच सत्त्व पितात, तेव्हा तंतू फडक्यातच राहिलेले असतात. त्यांनी नाचणीची भाकरी किंवा सबंध पिठाची आंबील घ्यावी.

2019 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने 185 निरीक्षण-अभ्यास आणि 58 चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. सर्वांत जास्त तंतू खाणाऱ्यांत एकूण आणि हृदयविकाराचे मृत्यू सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा 15 ते 30 टक्के कमी होते, आणि फायदा रोज 25 ते 29 ग्रॅमच्या टप्प्यात ठळक होता. तिथवर पोचायला सवय नसलेल्यांनी दोन-तीन आठवडे घ्यावेत. एकदम वाढवलं तर पोट फुगतं. आतडं कुठे अरुंद झालं असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. नियमित गोळ्या चालू असतील तर इसबगोल आणि गोळी यांत दोन तासांचं अंतर ठेवावं.

बाजारातून विकत घेताना एक नियम माहीत असावा. भारतात घन पदार्थाच्या 100 ग्रॅममध्ये 6 ग्रॅम तंतू असले की वेष्टनावर ‘हाय फायबर’ लिहिता येतं. ते विरघळणारे की न विरघळणारे, हे सांगायचं बंधन नाही. कोपऱ्यावरच्या चक्कीतून दळून आणलेल्या, न चाळलेल्या कणकेत 11 ग्रॅम असतात.