एआय एजंटसाठी गोडाऊन टूल्सचं डॉक्युमेंटेशन

गोडाऊनच्या सॉफ्टवेअरमधली कामं, म्हणजे स्टॉक बघणं, जीआरएन (आलेल्या मालाची नोंद) करणं, माल बिनला म्हणजे ठरलेल्या कप्प्यात लावणं, पिकलिस्ट (कुठून किती माल काढायचा त्याची यादी) काढणं वगैरे, एआय एजंटला (सांगितलेलं काम स्वतः पावलं ठरवून करणाऱ्या एआय प्रोग्रामला) स्वतःहून करता यावीत म्हणून प्रत्येक कामाचं एक टूल बनवतात आणि त्या टूलसोबत जी माहिती लिहून देतात तिला टूल डॉक्युमेंटेशन म्हणतात. टूलचं नाव, ते काय करतं, त्याला काय द्यायचं, परत काय मिळतं आणि कधी वापरायचं नाही, एवढं तरी त्यात हवंच. एजंटला सहसा टूलच्या आतला कोड दिसत नाही, हे चार ओळीचं वर्णन वाचूनच तो ठरवतो की कुठलं टूल बोलवायचं.

ओपनएआयने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग (एआय मॉडेलने बाहेरचं टूल बोलवायची सोय) आणलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल म्हणजे एमसीपी (एआयला बाहेरची टूल्स जोडायची एक ठरलेली पद्धत) आणला, दोन्हीकडे टूलला काय इनपुट लागतं ते जेसन स्कीमामध्ये (कुठल्या रकान्यात काय प्रकारची माहिती हवी ते सांगणाऱ्या साच्यात) लिहितात. पण स्कीमा एवढंच सांगतो की इथे आकडा टाका. आकडा कशाचा, ते माणसालाच लिहावं लागतं.

ठाणे जिल्ह्यात हा विषय निघाला की भिवंडी येतेच. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, मुंबई-आग्रा हायवेला लागून आणि १९८९ ला सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराच्या टप्प्यात असल्यामुळे काल्हेर, राहनाळ, माणकोली, पडघा या पट्ट्यात गोडाऊनं वाढत गेली, २०१७ ला जीएसटी आल्यावर जकात गेली पण गोडाऊनं काही हलली नाहीत. इथलं निम्मं काम तोंडी चालतं. "मागचा माल आधी काढ", "ते भिजलेले बाजूला ठेव", एवढं म्हटलं की पोरांना कळतं, कारण ती रोज तिथेच असतात. एजंट तिथे नसतो, त्याला हाक मारून विचारायला सुपरवायझर नसतो, त्यामुळे जे सगळ्यांच्या डोक्यात आहे तेच आधी लिहून काढावं लागतं आणि माझ्या मते खरी मेहनत इथेच आहे, कोडिंगमध्ये नाही.

सगळ्यात जास्त घोळ युनिटचा. समजा टूलच्या वर्णनात फक्त "स्टॉक दाखवतो" लिहिलंय आणि उत्तर आलं ४८. हे ४८ नग की ४८ पेट्या? पेटीत २४ नग असतील तर ४८ नग म्हणजे दोनच पेट्या, आणि एजंटने ४८ पेट्यांची ऑर्डर कन्फर्म केली तर गाडी डॉकला लागल्यावर कळणार की माल नाही. त्याऐवजी असं लिहावं (एसकेयू म्हणजे मालाचा एकेक प्रकार, एसकेयू मास्टर म्हणजे त्यांची यादी, क्यूसी होल्ड म्हणजे तपासणीसाठी अडवलेला माल): "एका एसकेयूचा विकता येण्यासारखा स्टॉक नगात देतो. दुसऱ्या ऑर्डरला लागलेला, क्यूसी होल्डवरचा आणि डॅमेज माल यात धरलेला नाही. पेट्या हव्या असतील तर पेटीतले नग एसकेयू मास्टरमधून घ्या." तीन वाक्यं जास्त, पण पावसाळ्यात भिजलेली खेप होल्डवर असताना हीच तीन वाक्यं चुकीचा डिस्पॅच थांबवतात. फिफो (आधी आलेला आधी काढायचा) की फेफो (आधी एक्स्पायर होणारा आधी काढायचा) हेही असंच. औषधं, खाण्याचा माल असेल तर ज्याची एक्स्पायरी आधी तो आधी निघतो, आधी आलेला नाही.

दुसरी जागा म्हणजे लिहिणारी टूल्स, म्हणजे जी सिस्टीममध्ये काहीतरी बदलतात. पत्र्याच्या शेडमध्ये नेटवर्क जातं, उत्तर येत नाही, एजंट तीच जीआरएन परत पाठवतो आणि कागदावर माल डबल होतो. म्हणून एकच रिक्वेस्ट दोनदा गेली तर काय होईल हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट पाहिजे, आणि प्रत्येक रिक्वेस्टला वेगळा नंबर द्या, परत पाठवताना तोच ठेवा, हेही लिहिलेलं पाहिजे. एमसीपीत टूल फक्त वाचतं की काही पुसून टाकू शकतं हे सांगायच्या खुणा आहेत, पण त्या फक्त इशारा म्हणून असतात, सायकल काउंटनंतर (थोडा थोडा माल प्रत्यक्ष मोजून झाल्यावर) स्टॉक ॲडजस्ट करण्यासारख्या कामाला माणसाची मंजुरी सिस्टीमनेच अडवून मागितली पाहिजे.

एरर मेसेज पण डॉक्युमेंटेशनचाच भाग धरतात. नुसतं "एरर ४००" (रिक्वेस्ट चुकली एवढंच सांगणारा कोड) वाचून एजंट तेच परत करून बघत बसतो, "हा बिन भरलाय, रिकामा बिन शोधायचं टूल वापरा" वाचलं की पुढे जातो.

सरकारी नियम लागतात तिथे ते टूलच्या वर्णनातच घालावेत. उदाहरणार्थ ई-वे बिल, म्हणजे माल गाडीने नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद: त्याच्या मुदतीसाठी साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस धरतात, आणि मुदत वाढवायची असेल तर संपायच्या ८ तास आधीपासून संपल्यानंतर ८ तासांपर्यंतच वाढवता येते. हे लिहिलं नसेल तर एजंट दोन दिवस आधीच वाढवायला जातो आणि टूल नकार देतं.

नावांचं थोडक्यात, "स्टॉक अपडेट" आणि "स्टॉक चेंज" अशी जुळी नावं ठेवू नयेत. आणि लोक "चार नंबर गाळा" म्हणतात पण सिस्टीममध्ये लोकेशन कोड वेगळाच असतो, ती जोडी लिहून ठेवावी, त्यासाठी लोडिंगवाल्या मुकादमाबरोबर एक दिवस गोडाऊनमध्ये फिरलं की बऱ्याच जोड्या सापडतात.