संत्र्याला जैविक खत: पुडी फोडण्याआधी वाचा

दर मृगाला कोणी ना कोणी रिकामी पुडी घेऊन दुकानात येतं. "भाऊ, तुमच्या औषधानं काही फरक पडला नाही." म्हणून हे पत्रक.

हे औषध नव्हे. पुडीत जिवंत जिवाणू आणि बुरशी आहे. ऊन लागलं की ती मरते, आणि मेलेली भुकटीही दिसायला तशीच काळी. एका उन्हाळ्यात आमचाच माल पत्र्याच्या शेडमध्ये राहिला. सगळा उकिरड्यावर टाकावा लागला. पुडी घरात, सावलीत ठेवा. मुदत बघून घ्या: भुकटीची साधारण 6 महिने, द्रवरूपाची वर्षभर.

काटोल, वरुड, मोर्शीकडच्या काळ्या जमिनीत चुना भरपूर. सुपर फॉस्फेट टाकलं तरी स्फुरद चुन्याला धरून बसतं. पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, आम्ल सोडून त्यातलं थोडं मोकळं करतात. अ‍ॅझोस्पिरिलम हे जिवाणू हवेतला नत्र धरतात. ट्रायकोडर्मा ही बुरशी मूळकूज आणि डिंक्या रोगाच्या बुरशीला अडवते. पण खोडावर डिंक वाहायला लागल्यावर पुडीच्या भरवशावर राहू नका.

फळत्या झाडाला 50 किलो शेणखत, 7.5 किलो निंबोळी ढेप, पीएसबी, अ‍ॅझोस्पिरिलम, ट्रायकोडर्मा प्रत्येकी 100 ग्रॅम. शेणखत पक्कं कुजलेलं हवं: मुठीत घेतलं की भुसभुशीत, वास मातीचा. कच्चं शेण टाकाल तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, घरी बोलावाल. खताचा ढीग झाडाखाली सावलीत लावा, पुड्या मिसळा, पाणी शिंपडा, ओलं पोतं झाका. आठवडाभर ओल राहू द्या, मधे एकदा खालीवर करा.

टाकायचं कुठे? बुडाशी नाही! अन्न शोषणारी मुळं झाडाच्या घेराच्या कडेला, वरच्या थरात असतात. भर दुपारी सावली जिथे संपते, तिथे गोल उथळ चर काढा, खत घालून मातीनं झाका. जमिनीत ओल हवीच: आंबिया बहाराला ताण तोडताना, म्हणजे बंद ठेवलेलं पाणी पुन्हा सुरू करताना, आणि मृग बहाराला चांगला पाऊस झाल्यावर. खोलवर वखर घालू नका, मुळं तुटतात.

मोरचूद किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइडची आळवणी केली, म्हणजे द्रावण मुळाशी ओतलं असेल, तर 15 दिवस थांबा. तांबं बुरशी मारतं. आपली कोणती, रोगाची कोणती, ते त्याला कळत नाही. खोडाला बोर्डो मलम लावायला हरकत नाही. युरियासुद्धा याच ढिगात मिसळू नका, वेगळा द्या.

युरिया बंद करा असं मात्र आम्ही सांगणार नाही. 50 किलो शेणखतात नत्र जेमतेम पाव किलो, तोही हळूहळू मिळणारा. फळत्या झाडाला वर्षाला त्याच्या तिप्पट लागतो. माती तपासून मात्रा थोडी थोडी कमी करा.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील, तर बहुधा लोह-जस्ताची कमतरता आहे. तिथे ही पुडी विकत घेऊ नका. पानांसकट एक डहाळी घेऊन दुकानात या. बघायचे पैसे घेत नाही.