श्वसनस्नायूंच्या दुर्बलतेतील श्वसनसाहाय्य : रुग्णांवरील संशोधन

मोटर न्यूरॉन डिसीज (स्नायू हलवणाऱ्या नसा मरत जाण्याचा आजार), ड्युशेन स्नायुक्षय (मुलांचे स्नायू झिजवणारा जनुकीय आजार), पोलिओ, जीबीएस म्हणून ओळखला जाणारा, नसांना अचानक दुबळे करणारा गियां-बारे सिंड्रोम, मानेच्या मणक्याची वरची इजा, अशा आजारांत फुप्फुसे बहुधा धडधाकट असतात; ती फुगवणारे स्नायू थकलेले असतात. अशा रुग्णाला हाताने किंवा यंत्राने हवा पुरवणे म्हणजे श्वसनसाहाय्य. ते केव्हा सुरू करावे, कोणाला लाभते आणि कोणाला उलट बाधते, हे ठरवण्यासाठी झालेल्या संशोधनाची ही नोंद आहे. या विषयात वरवर पटणाऱ्या कल्पना प्रत्यक्ष चाचणीत एकाहून अधिक वेळा उलट्या पडल्या. त्यामुळे तो समजून घेताना यशाइतकेच फसलेल्या चाचण्यांकडे पाहावे लागते.

श्वास घेण्याचे मुख्य काम छाती आणि पोट यांच्यामधले श्वासपटल करते. ते दुबळे झाले की मान आणि बरगड्यांमधले स्नायू त्याचा भार उचलतात. झोपेत, विशेषतः स्वप्ने पडतात त्या टप्प्यात, हे मदतनीस स्नायू सैल पडतात आणि सगळे ओझे पुन्हा श्वासपटलावर येते. म्हणून बिघाड आधी रात्री दिसतो. रुग्ण एका उशीच्या दोन करतो, दोनाच्या तीन करतो, शेवटी आरामखुर्चीतच झोपू लागतो. सकाळी डोके जड असते, दिवसा डुलक्या लागतात. घरच्यांना वाटते, आजारपणाचा थकवा असेल. प्रत्यक्षात रात्रभर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो.

करोनाच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर इथे फसवू शकतो. तो ऑक्सिजन मोजतो, कार्बन डायऑक्साइड नाही. अशा रुग्णाला नळीने नुसता ऑक्सिजन लावला तर पडद्यावरचा आकडा छान दिसतो, पण हवा आत-बाहेर खेळत नसल्याने कार्बन डायऑक्साइड वाढतच जातो आणि रुग्ण गुंगीत जाऊ शकतो. त्याला कमतरता असते ती हवा ढकलणाऱ्या जोराची.

हा जोर मोजण्याच्या पद्धती साध्या आहेत. एका दमात फुंकून जास्तीत जास्त किती हवा बाहेर टाकता येते तो आकडा म्हणजे एफव्हीसी. बसून आणि आडवे होऊन तो दोनदा घेतात. आडवे झाल्यावर पाव हिश्शाहून अधिक घसरण झाली तर श्वासपटल दुबळे झाल्याचा दाट संशय येतो. ओठ नीट मिटत नसतील तर फुंकण्याऐवजी एका नाकपुडीत बूच बसवून जोरात हुंगायला लावतात आणि तो दाब मोजतात. खाटेजवळ काहीच साधन नसेल तर रुग्णाला भरून श्वास घ्यायला सांगून एका दमात एक, दोन, तीन असे मोठ्याने मोजायला लावतात. धडधाकट माणूस चाळिशीपर्यंत सहज पोचतो. पंधरा-विसाच्या आतच दम तुटला तर अतिदक्षता विभागात खाट तयार ठेवावी लागते.

लोखंडी फुप्फुसापासून हाताच्या पिशवीपर्यंत

१९२८ मध्ये हार्वर्डमधील फिलिप ड्रिंकर आणि लुई अ‍ॅगॅसी शॉ यांनी तयार केलेली पेटी बोस्टनच्या बालरुग्णालयात पोलिओ झालेल्या एका आठ वर्षांच्या मुलीसाठी वापरली गेली. डोके बाहेर, बाकी शरीर हवाबंद टाकीत; टाकीतला दाब कमी केला की छाती फुगते. हेच ‘लोखंडी फुप्फुस’. अमेरिकेतील डॅलसचे पॉल अलेक्झांडर १९५२ पासून या यंत्राच्या आधाराने जगले. मार्च २०२४ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी ते वारले. जिभेने हवेचे घोट घशात ढकलण्याची ‘बेडूकश्वास’ ही युक्ती ते शिकले होते, त्यामुळे दिवसाचे काही तास त्यांना पेटीबाहेर काढता येत.

खरे वळण आले ते १९५२ च्या कोपनहेगनमधल्या साथीत. ब्लेगडॅम रुग्णालयात टाकीचे यंत्र एकच होते आणि छातीवर बसवायची कवचासारखी यंत्रे सहा. यंत्रावर ठेवलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. रक्तातील कार्बन डायऑक्साइडच्या संयुगांचे वाढलेले प्रमाण पाहून डॉक्टरांची समजूत झाली होती की रक्त अल्कधर्मी झाले आहे. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांचे म्हणणे वेगळे होते : रुग्ण पुरेसा श्वासच घेत नाही, म्हणून हा वायू साचतो आहे. ऑगस्टच्या अखेरीस त्यांनी एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी घातली आणि रबरी पिशवी दाबून हवा भरली. मुलगी वाचली. पुढचे कित्येक महिने सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले आणि हाताने पिशव्या दाबत राहिले. एका वेळी ७० रुग्णांपर्यंत हे चालले होते. मृत्यूचे प्रमाण जवळपास ९० टक्क्यांवरून निम्म्याखाली आले.

आजच्या मापाने ही चाचणी नव्हेच. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठ्या टाकून ठरवणारी वाटणी नव्हती. पण फरक इतका मोठा होता की कोणी तशी मागणीही केली नाही. १९५६ मध्ये डेन्मार्कमध्येच होल्गर हेसे आणि हेनिंग रुबेन यांनी आपोआप फुगणारी पिशवी तयार केली, ती अँबू बॅग. मण्यार चावून श्वास मंदावलेल्या माणसाला आपल्याकडे खेड्यातून मोठ्या दवाखान्याकडे नेताना गाडीत जी पिशवी दाबत बसतात, ती हीच.

मास्कचे दिवस आणि एक फ्रेंच धक्का

१९८० च्या दशकात नाकावरचा मास्क आला आणि गळ्याला छेद न देता घरीच रात्रभर साहाय्य देणे शक्य झाले. रुग्णांच्या तोंडी सगळी मशिन ‘बायपॅप’ असतात : श्वास घेताना जास्त दाब, सोडताना कमी. साहजिकच विचार आला की स्नायू थकण्याआधीच मशिन लावले तर ते टिकतील. फ्रान्समधल्या रुग्णालयांनी ड्युशेन झालेल्या ७० रुग्णांवर ही कल्पना तपासली. एफव्हीसी अपेक्षित आकड्याच्या २० ते ५० टक्के, पण दिवसा श्वसन अजून बिघडलेले नाही, अशा रुग्णांची चिठ्ठीने वाटणी केली. १९९४ मध्ये निष्कर्ष आले. एकूण दहा मृत्यू, त्यांतले आठ मशिनच्या गटात. फुप्फुसांची घसरणही थांबली नव्हती. मशिन आहे म्हणून सगळे निर्धास्त झाले आणि कफ व संसर्गाकडे दुर्लक्ष झाले, असे एक स्पष्टीकरण दिले गेले. ते पटण्याजोगे आहे, सिद्ध झालेले नाही.

लक्षणे किंवा कार्बन डायऑक्साइडची वाढ दिसल्यावर मशिन लावलेल्या रुग्णांचे चित्र वेगळे निघाले. १९९८ मध्ये लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयातील गटाने अशा २३ ड्युशेन रुग्णांची माहिती दिली; पाच वर्षांनी जिवंत असण्याचे प्रमाण ७३ टक्के होते. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या नोंदी सांगतात की १९६० च्या दशकात या आजारात मृत्यूचे सरासरी वय १४.४ वर्षे होते, १९९० नंतर मशिन मिळालेल्यांमध्ये ते २५.३ झाले. या नोंदी चिठ्ठीने वाटणी केलेल्या चाचणीच्या नव्हेत, आणि मधल्या काळात बाकीची काळजीही सुधारली होती. तरी दिवसा कार्बन डायऑक्साइड चढू लागलेल्या मुलाला ‘तुलनेसाठी’ मशिनविना ठेवा असे म्हणायला कोणी धजावले नाही.

न्यूकॅसलचे ४१ रुग्ण

मोटर न्यूरॉन डिसीजमधल्या श्वसनसाहाय्याचा बहुतेक पुरावा एकाच चाचणीवर उभा आहे. स्टीफन बर्क आणि सहकाऱ्यांनी ९२ रुग्णांवर लक्ष ठेवले. आडवे झाल्यावर धाप लागणे आणि त्याबरोबर श्वास ओढण्याचा दाब अपेक्षित आकड्याच्या ६० टक्क्यांखाली जाणे, किंवा लक्षणांसह कार्बन डायऑक्साइड वाढणे, यांपैकी एक गोष्ट घडली की रुग्णाची वाटणी होई. असे ४१ जण झाले. २२ जणांना मशिन, १९ जणांना नेहमीची काळजी. २००६ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला.

ज्यांचे गिळण्या-बोलण्याचे स्नायू बऱ्यापैकी शाबूत होते, त्या वीस जणांत वाटणीनंतरचे मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण किमान जितके दिवस जगले तो आकडा) मशिनसह २१६ दिवस आणि मशिनविना ११ दिवस निघाले. २०५ दिवसांचा हा फरक मोठा आहे. रिल्युझोल या औषधाने आयुष्य साधारण दोन-तीन महिन्यांनी लांबते. मशिनच्या गटात जगण्याची प्रतही बराच काळ टिकून राहिली. घसा आणि जीभ फार दुबळी झालेल्या रुग्णांचे आयुष्य मात्र वाढले नाही. झोपेशी निगडित त्रास तेवढा कमी झाला. या दुसऱ्या गटाला मास्क सोसतही नाही : लाळ साचते, तोंडातून हवा निसटते, रात्री ठसका लागतो.

वीस माणसांवरून जगभरचे धोरण ठरावे, हे ऐकायला विचित्र वाटते. पण ही चाचणी पुन्हा करता येणार नाही, कारण आता मशिन नाकारलेला गट ठेवणे नैतिक नाही. म्हणून पुढचे संशोधन कडेकडेच्या प्रश्नांकडे वळले : आणखी आधी सुरू करावे का, दाब किती ठेवावा, मास्क कोणता. हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक नाही. नाकाच्या दांडीवर पडणारी जखम, डोळ्यांत शिरणारी हवा आणि हात चालत नसल्याने मास्क सरकला तरी नीट करता न येणे, अशा कारणांनी चांगले मशिन कपाटात जाऊन बसते.

श्वासपटलाला विजेचे ठोके

मानेच्या मणक्याला वर इजा झाली तर मेंदूचा आदेश खाली पोचत नाही, पण श्वासपटलाची नस जिवंत असते. तिला विजेचे हलके ठोके देऊन श्वास घडवता येतो. अभिनेते ख्रिस्तोफर रीव्ह यांच्या श्वासपटलात २००३ मध्ये क्लीव्हलंड येथे अशी विद्युताग्रे बसवली होती. मग मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये ही युक्ती का नको? २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने विरळ आजारांसाठीच्या सवलतीच्या मार्गाने तिला परवानगी दिली. त्या मार्गात उपकरण खरोखर लाभते हे सिद्ध करण्याची अट नसते.

ब्रिटनमधल्या चाचणीत ७४ रुग्ण होते. निम्म्यांना मास्कचे मशिन, निम्म्यांना मशिन आणि विजेचे ठोके दोन्ही. देखरेख समितीने ती मध्येच थांबवली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे : नुसत्या मशिनवर मध्यक आयुर्मान २२.५ महिने, ठोक्यांसह ११ महिने. फ्रान्समधल्या चाचणीतही योगायोगाने ७४ च रुग्ण होते. तिथे शस्त्रक्रिया सगळ्यांवर झाली, उपकरण सगळ्यांना बसले. मात्र निम्म्यांच्या उपकरणातून वीज सोडलीच नाही, आणि कोणाची वीज चालू आहे हे रुग्णाला सांगितले नाही. श्वसनसाहाय्यात अशी आंधळी तुलना दुर्मिळ, कारण मास्क लावल्याचे सोंग वठवणे अवघड असते. तिथेही वीज चालू असलेल्यांचीच प्रकृती अधिक वेगाने ढासळली. त्यामुळे दोष शस्त्रक्रियेचा नसून ठोक्यांचा असावा, हा तर्क बळावला. या आजारात नसच मरत असते. मरणाऱ्या नसेला आणि उरल्यासुरल्या स्नायूला हाकून हाकून दमवले गेले, अशी एक शक्यता मांडतात. जगात शेकडो रुग्णांना हे उपकरण बसवून झाल्यावर हे कळले, ही गोष्ट मात्र खटकते.

खोकला

आत हवा भरणे जितके गरजेचे, तितकेच कफ बाहेर काढणे. खोकल्याचा झोत मिनिटाला २७० लिटरच्या खाली गेला की साध्या सर्दीतही धोका मानतात. १६० च्या खाली कफ जवळजवळ निघतच नाही. उपाय दोन : पोटावर दाब देऊन खोकायला मदत करणे, किंवा हवा भरून लगेच ती ओढून घेणारे यंत्र. पिशवीने श्वासावर श्वास रचून छाती ताणण्याचा व्यायामही शिकवतात. तो ड्युशेनच्या ६६ मुलांवर दोन वर्षे रोज करून पाहिला गेला. कॅनडातील गटाने २०२२ मध्ये सांगितले की एफव्हीसीच्या घसरणीत फरक पडला नाही. आजारपणाच्या दिवसांत तो उपयोगी पडत असेल, पण रोज दोनदा मुलाला बसवून हे करणाऱ्या आईवडिलांना हा निकाल माहीत असायला हवा.

जीबीएस

पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या उद्रेकामुळे हे नाव मराठी घरांत पोचले. संशयित रुग्ण दोनशेहून अधिक होते. या आजारात साधारण चारांतल्या एकाला व्हेंटिलेटर लागतो, पण नसा पुढे सावरतात, म्हणून साहाय्य तात्पुरते असते. इथे मास्कवर विसंबत नाहीत. दुर्बलता काही तासांत वाढू शकते आणि गिळणेही बिघडलेले असते. रॉटरडॅमच्या संशोधकांनी २०१० मध्ये मांडलेला गुणांक तीनच गोष्टी विचारतो : दुर्बलता सुरू झाल्यापासून किती दिवसांत रुग्ण दाखल झाला, चेहरा किंवा घसा दुबळा आहे का, हातापायांत किती जोर उरला आहे. सात गुणांपैकी जितके जास्त, तितकी पहिल्या आठवड्यात नळी घालावी लागण्याची शक्यता जास्त.

मोजपट्टीचा पेच

नव्या औषधांच्या चाचण्यांत श्वसनसाहाय्य हेच मोजमाप होऊन बसले आहे. बाळांचे स्नायू दुबळे करणाऱ्या स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफीवरच्या नुसिनर्सेन या औषधाच्या १२१ बाळांवरील चाचणीत ‘मृत्यू किंवा कायमचे साहाय्य’ हा एक मुख्य निकष होता. कायमचे म्हणजे गळ्याला छेद, अथवा दिवसाचे १६ तास किंवा अधिक, असे सलग २१ दिवसांहून जास्त. पंधरा तास मशिनवर असलेले बाळ या हिशोबात बसत नाही. शिवाय मशिन लावायचे की नाही हा निर्णय फक्त फुप्फुसे घेत नाहीत. देश, डॉक्टर, विमा आणि घरची ऐपत यांवर तो ठरतो. जिथे कुटुंबाला मशिन स्वतःच्या खिशातून घ्यावे लागते आणि वीज गेली तर बॅटरीचीही सोय पाहावी लागते, तिथे ‘साहाय्य सुरू झाले’ ही तारीख आजाराच्या टप्प्याऐवजी पैसे जमल्याचा दिवस असू शकते.