नटराजाची मूर्ती संहाराची नाही

‘नटराज म्हणजे शिवाचे संहारक तांडव, म्हणून मूर्ती घरात ठेवू नये,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. भीती वाटणे स्वाभाविक आहे. हातात अग्नी आणि पायाखाली कुणीतरी दिसतेच.

पण चोळकाळातल्या तमिळ शिल्पकारांनी कांस्यात घडवलेले हे आनंदतांडव आहे. शैव परंपरेप्रमाणे त्यात शिवाची पाच कार्ये एकत्र येतात. मागच्या उजव्या हातातला डमरू सृष्टीचा, मागच्या डाव्या हातातला अग्नी संहाराचा. पुढचा उजवा हात अभयमुद्रेत, म्हणजे रक्षणाचा. रोवलेला उजवा पाय तिरोभावाचा, म्हणजे सत्य झाकून ठेवण्याचा, तर उचललेला डावा पाय अनुग्रहाचा. संहार पाचांतला एकच! पायाखालचा अपस्मार नावाचा बुटका असुर म्हणजे अज्ञान. बहुतेक मूर्तींत तो मेलेला नाही, मान वर करून पाहतो. मला तर हा तपशील सगळ्यांत बोलका वाटतो.

पडताळा सोपा आहे. मूर्तीसमोर उभे राहून पुढचा डावा हात पाहा: तो आडवा येऊन उचललेल्या पावलाकडे, शरण येण्याच्या जागेकडे, बोट दाखवतो. मग चेहरा पाहा, तो शांत असतो. शिवाचे संहाररूप शिल्पकार वेगळे घडवत. वेरूळच्या लेण्यांतला त्रिपुरांतक, म्हणजे असुरांच्या तीन नगरांचा नाश करणारा, शिव बघा: रथावर उभा, हाती धनुष्य.